काळ्या मातीत फाटक उभं करताना

ऐतिहासिक बागेला नवं फाटक करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत टेबलावर नक्षीच्या चित्रांचा ढीग पडतो. मोर कुठे बसवायचा, कमळ किती पाकळ्यांचं, कमानीवर नाव कोणत्या वळणाचं. खांबाखाली कोणती माती आहे, हे कुणी विचारत नाही. मराठवाड्यात फाटक बिघडतं ते बहुतेक वेळा तिथूनच. दोन पावसाळे जातात, कवाडं मधोमध एकमेकांवर चढायला लागतात, बोल्ट भोकात बसेनासा होतो. मग रखवालदार एक साखळी आणतो. त्यानंतर नक्षी कितीही देखणी असो, येणाऱ्याला दिसते ती साखळीच.

म्हणून इथे क्रम उलटा धरला आहे: आधी माती, मग खांब, मग बिजागरी, आणि नक्षी सगळ्यात शेवटी. हिशेबासाठी एकच माप घेऊ. चार मीटरचा मोकळा रस्ता, दोन-दोन मीटरची दोन कवाडं, उंची २.६ मीटर, आणि शेजारी माणसांसाठी वेगळं छोटं दार. चार मीटर अशासाठी की उन्हाळ्यात झाडांना पाणी घेऊन येणारा टँकर साधारण अडीच मीटर रुंद असतो, अग्निशमनाची गाडीही तेवढीच. समोरचा रस्ता अरुंद असेल आणि गाडीला वळून आत यायचं असेल, तर चारही अपुरे पडतात. जमिनीवर फक्कीच्या रेघा मारून टँकरवाल्यालाच एकदा गाडी वळवून दाखवायला सांगावं. नकाशावर जे दिसत नाही ते पाच मिनिटांत कळतं.

छोटं दार वेगळंच असावं. जुन्या वाड्यांचा आणि किल्ल्यांचा दिंडी दरवाजा दिसायला सुंदर, पण त्याचा उंबरा ओलांडावा लागतो, आणि व्हीलचेअर, बाळाची गाडी, काठी टेकत येणारे आजोबा तिथेच अडतात. शिवाय मोठ्या कवाडात दिंडी कापली की कवाडाचा सांगाडा नेमका ताण असतो तिथेच तुटतो. बाजूला ९० सेंटिमीटर मोकळं, जमल्यास १२० सेंटिमीटरचं बिनउंबऱ्याचं दार हे चांगलं.

जुन्या भिंतीला हात नको

बाग जुनी असली की आधी कागद. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगीशिवाय काही करता येत नाही. १९५८ च्या कायद्यात २०१० साली ही दुरुस्ती झाली. राज्य संरक्षित वास्तूंना महाराष्ट्राचा १९६० चा वेगळा कायदा लागू होतो. छत्रपती संभाजीनगरात बीबी का मकबऱ्याच्या आसपास काम असेल तर खड्डा खणण्याआधी हे अंतर मोजून घ्यावं. त्याच शहरात मलिक अंबरच्या काळापासून जमिनीखालून पाणी खेळवणाऱ्या नहरी आहेत. खड्ड्यात जुनी बांधीव मोरी किंवा खापराचा नळ लागला तर टिकाव खाली ठेवायचा आणि संबंधित खात्याला कळवायचं.

दुसरी गोष्ट कायद्याच्या आधीची आहे. जुन्या दगडी खांबात भोक पाडून त्यात लोखंडी बिजागरी सिमेंटने बसवणं हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात वाईट काम. लोखंड गंजतं तेव्हा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. काळा पाषाण कितीही कठीण असला तरी आतून येणारा तो दाब सोसत नाही. आधी केसाएवढी चीर, मग एक दिवस कोपराच निखळतो. नवं फाटक स्वतःच्या खांबांवर उभं राहावं, जुन्या भिंतीपासून निदान ५० मिलिमीटर सुटं. त्या फटीतून हात फिरला पाहिजे, म्हणजे पालापाचोळा काढता येतो. नवं काम नवं दिसलं तरी चालतं. जुन्याला चिकटून जुन्याचं सोंग घेतलं की दोन्ही बिघडतात.

माती

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि वैशाखात भेगाळते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. खांबाच्या पायाला मात्र हे दरवर्षी सोसावं लागतं. माती किती फुगणारी आहे याची सोपी चाचणी अशी: वाळवून कुटलेली माती ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची. १०० मिलिलिटरच्या दोन काचेच्या मोजनळ्यांत प्रत्येकी १० ग्रॅम घालायची. एकीत डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत रॉकेल. बुडबुडे काढून २४ तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. रॉकेलमधली माती १० मिलिलिटरवर बसली आणि पाण्यातली १८ वर, तर फुगवटा ८० टक्के. आकडा ५० टक्क्यांच्या पुढे गेला की साधा खड्डा आणि काँक्रीट हा विचार सोडून द्यावा.

मुरूम किंवा खडक दीड मीटरच्या आत लागत असेल तर नशीब. सरळ तिथपर्यंत खणायचं, पाया मुरुमात टेकवायचा आणि भोवती काळ्या मातीऐवजी मुरूमच भरून कुटायचा. खोल काळी असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी कांद्यासारखा फुगवलेला काँक्रीटचा खुंट. व्यास ३०० मिलिमीटर, कांदा त्याच्या अडीच पट म्हणजे ७५० मिलिमीटर, खोली साधारण साडेतीन मीटर, कारण त्याखाली मातीतला ओलावा ऋतूप्रमाणे फारसा हलत नाही. सळई थेट तळापर्यंत न्यायची. काही जण वरच्या मीटरभरातच पिंजरा संपवतात. पण फुगणारी माती खुंटाला वर खेचते आणि सळई संपते तिथेच तो तुटतो.

दोन्ही खांबांना जमिनीखालून जोडणारा टाय बीम हवाच. दोन खांब आपापल्या मनाने कलले तर कवाडं जुळण्याची आशा नाही. एकत्र हलले तर निदान फट तीच राहते. बीमच्या तळाखाली ७५ मिलिमीटर पोकळी सोडायची. ती सोडली नाही तर पहिल्या दमदार पावसात माती बीमलाच उचलते. रोषणाईची आणि कॅमेऱ्याची वायर जाणारा पाइप याच वेळी टाकून ठेवावा, नाहीतर वर्षभरात कुणीतरी ब्रेकर घेऊन येतोच. काँक्रीट किमान दहा दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवायचं, आणि कवाडं २८ दिवसांनंतरच टांगायची. इथल्या मे महिन्यात सकाळी एकदा पाणी मारून गेलं तर दुपारपर्यंत गोणपाट खडखडीत होतं. त्यामुळे ठेकेदाराचं ‘क्युरिंग चालू आहे’ ऐकून न घेता दुपारी तीन वाजता जाऊन गोणपाटाला हात लावून पाहावा.

वजन आणि ओढ

एका कवाडाचं वजन आधी कागदावर काढायचं. बिजागरीकडचा उभा ४० मिलिमीटरचा चौरस भरीव बार मीटरला १२.५६ किलो, म्हणजे ३३ किलो. मधला उभा ३२ मिलिमीटरचा, २१ किलो. ५० बाय १२ च्या चार आडव्या पट्ट्या ३८ किलो. १६ मिलिमीटरच्या सोळा उभ्या चौरस सळया, ८० किलो. तळाशी दोन सळयांच्या मधे बसणाऱ्या बुटक्या सळया १४ किलो. वेलबुट्टीसाठी २५ बाय ६ ची पट्टी तीस मीटर, ३५ किलो. वरची टोकं, फुलं, कडी-कोयंडे धरले की सगळं मिळून २४० किलोच्या घरात जातं.

हे वजन कवाडाच्या मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून एक मीटरवर आहे. वरची आणि खालची बिजागरी दोन मीटर अंतरावर असतील तर वरची बिजागरी खांबाला १२० किलोने आडवी ओढते. नक्षीच्या सोयीसाठी हेच अंतर १.२ मीटरवर आणलं तर ओढ २०० किलो होते. आता शाळा सुटल्यावर तीस-तीस किलोची पाच पोरं कवाडाच्या टोकाला लोंबकळून झोका घेतात, असं धरा. घेणारच. दोन मीटरच्या अंतरावर त्यांची ओढ आणखी १५० किलोची. हिशेब पोरांसकट करायचा; ‘फाटकावर चढू नये’ ही पाटी बिजागरीला वाचता येत नाही.

वाऱ्याचंही तेच. भारतीय मानकात छत्रपती संभाजीनगरासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलेला आहे. त्याचा दाब चौरस मीटरला साधारण ९३ किलो भरतो. कवाड ५.२ चौरस मीटरचं. ते पत्र्याने बंद केलं तर वळवाच्या वादळात ४८० किलोच्या आसपासचा धक्का. ‘आतलं काही दिसू नये’ म्हणून मागून पत्रा मारायची सूचना हटकून येते, ती इथेच थांबवावी. बाग आहे, गोदाम नाही.

या वजनाला बाजारातली बिजागरी चालत नाही. सगळं वजन खाली टेकलेलं हवं. किल्ल्यांची लाकडी कवाडं दगडाच्या खळग्यात खुंट्यावर फिरतात, तत्त्व तेच. खाली ४० मिलिमीटरचा कठीण पोलादाचा खुंटा, त्याखाली थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे वरून येणारं वजन पेलून फिरू देणारं बेअरिंग, आणि ग्रीस भरायला निपल. वर बिजागरीकडच्या उभ्या बारभोवतीच्या कड्यात फॉस्फर ब्राँझचा बुश, म्हणजे झीज सोसणारी नळी, आणि ते कडं २४ मिलिमीटर जाडीच्या (एम २४) बोल्टवर मागेपुढे सरकवता येईल असं. ही सरकवायची सोय ठेवली नाही तर पुढे एकच उपाय उरतो, कापा आणि पुन्हा वेल्ड करा. खुंटा बसतो ती खालची वाटी जमिनीच्या निदान ३० मिलिमीटर वर आणि तिला पाणी जायला भोक. जमिनीबरोबर बसवलेली वाटी पहिल्या पावसाच्या गाळाने भरते, आणि गाळातली वाळू बेअरिंग खाऊन टाकते.

टोकाला चाक लावून जमिनीवर रूळ टाकण्याचा सल्लाही मिळतो. लोंबणारं कवाड त्याने लपतं, सुधारत नाही. रुळात खडा अडकला की माणूस जोराने ढकलतो आणि वरची बिजागरी वाकते.

नक्षी

आता चित्रं उघडायला हरकत नाही. मकबऱ्याच्या मुख्य दाराकडे नीट पाहावं: लाकडावर पितळी पत्रा, त्यावर उठावाची पानंफुलं, आणि स्थपती अताउल्ला व अभियंता हंसपत राय यांची नावं कोरलेली. ती नक्षी पत्र्यातच शोभते. तिचा फोटो काढून सहा मिलिमीटरच्या प्लेटमधून लेझरने कापला तर कागदी झालर तयार होते. दगडी जाळीचंही असंच. तिची शोभा जाडीत आहे, भोकाच्या आत पडणाऱ्या सावलीत आहे. पातळ प्लेटला सावली नसते. लोखंडाचा स्वभाव रेषेचा. ज्या नमुन्यात मुळात रेषा वाहते तो घ्यावा, उदाहरणार्थ पैठणीच्या काठाची आसावली वेल. तिचं वळण पट्टीतून सहज निघतं, आणि लुगड्याच्या काठासारखाच तो पट्टा खालच्या दोन आडव्या पट्ट्यांच्या मधे बसवता येतो. मोर घ्यायचाच असेल तर एक, मध्यावर. दोन्ही कवाडांवर चार-चार मोर आले की मंगल कार्यालय होतं.

दोन सळयांमधली मोकळी जागा १०० मिलिमीटरच्या पुढे नको. लहान मुलाचं डोकं अडकतं. वेलीच्या वळणांत मोठी भोकं पडतात ती या मापाने एकेक तपासायची. खाली जमिनीपासून ५० ते ७५ मिलिमीटर. त्याहून जास्त ठेवलं तर कुत्री आत आणि शेळ्यांची पिल्लंही. वरची भाल्यांची टोकं बोथट, आणि चढणाऱ्याचा हात पोचतो तिथे टोकंच नकोत.

वेल करायची रीत सांगतो. जमिनीवर पूर्ण मापाचं चित्र खडूने काढायचं. मऊ तार त्या वळणावर बसवून लांबी मोजायची, तेवढी पट्टी कापायची. एक वळण भट्टीत करून चित्रावर ठेवून पाहायचं, पटलं की त्याचा फर्मा, मग उरलेली. लोखंड नारिंगी-पिवळं असताना ठोकायचं. लाली विझत आल्यावर घाव घातला तर तडा जातो, आणि पांढरं होऊन ठिणग्या उडायला लागल्या तर तो तुकडा जळला, फेकून द्यावा. पट्टीचं टोक आधी घडवायचं, निमुळतं करून किंवा माशाच्या शेपटासारखं पसरून, वळण नंतर. बोथट कापलेल्या टोकाचं वळण लांबूनच ओळखू येतं, कारण ते मशीनवर वाकवलेलं असतं. रस्त्याकडेला पालं टाकून कोयते-विळे घडवणाऱ्या घिसाडी कुटुंबांच्या हातात हे टोक ओढण्याचं कसब आजही आहे. तयार कॅटलॉगमधली वळणं विकत आणण्यापेक्षा हे काम त्यांना, त्यांच्या दराने द्यावं.

माल साधा माइल्ड स्टील, दाखल्यासह. भंगारातून पुन्हा लाटलेल्या बारमध्ये कार्बन जागोजागी वेगळा असतो. पीळ देताना एक सळई लोण्यासारखी फिरते आणि दुसरी मधेच तुटते. टीएमटी सळई या कामाला नाहीच.

दोन वळणं जिथे टेकतात तिथे गरम पट्टीचा बंद आवळतात. बंदाची लांबी म्हणजे गठ्ठ्याचा परिघ अधिक पट्टीच्या जाडीची दुप्पट. पहिला आवळून पाहून मिलिमीटर-दोन मिलिमीटर कमीजास्त. मात्र बंदाच्या आत पाणी शिरून बसतं. तेव्हा आतल्या बाजूने आधी रंग, आणि रंगकामानंतर वरची फट सीलंटने भरायची. पितळी फुलं, पितळी मुठी टाळाव्यात. सार्वजनिक बागेत त्या पहिल्या वर्षी पुसल्या जातात आणि दुसऱ्या वर्षी चोरीला जातात. ओतीव लोखंडाची फुलं हवी असतील तर लाकडी साचा एक टक्का मोठा करायला सांगायचं, कारण बिडाचं ओतकाम थंड होताना तेवढं आकसतं. ती रिव्हेटने बसवायची. बिडाला साध्या रॉडने वेल्ड मारलं की शेजारीच तडा जातो.

कमानीवरचं नाव

देवनागरीत नाव कापताना दोन वेगळ्या चुका होतात. प्लेटमध्ये अक्षरांची भोकं पाडायची ठरवली तर ‘क’, ‘व’ यांच्या पोटातला तुकडा खाली गळून पडतो. ‘बाग’मधल्या ‘ब’च्या पोटातले तिरक्या रेघेच्या दोन्ही बाजूंचे दोन तुकडे गळतात, आणि अक्षराचा ठोकळा उरतो. उलट अक्षरंच कापून बसवायची ठरवली तर अनुस्वाराचं टिंब सुटं राहतं. यातली दुसरी रीत आपल्या लिपीला जास्त मानवते. शिरोरेषेची जाड पट्टी कमानीला बोल्टने धरायची आणि सगळी अक्षरं तिच्यावरूनच लोंबवायची, लिहिताना लोंबतात तशी. अनुस्वार मागच्या बारीक सळईवर टेकवायचा. चाळीस मीटरवरून वाचता यायला अक्षर २०० मिलिमीटरचं धरावं. कमानीखाली साडेचार मीटर मोकळे हवेत. फांद्या भरलेला ट्रॅक्टर आपली उंची मोजून निघत नाही.

रंग

मराठवाड्याची हवा वर्षातले बरेच महिने कोरडी, त्यामुळे गंज सगळीकडे सारखा चढत नाही. पाणी थांबतं तिथे चढतो: खालच्या आडव्या पट्टीचा माथा, खुंट्याची वाटी, आणि स्प्रिंकलरचं बोअरचं क्षाराळ पाणी रोज उडतं ती बाजू. खालची पट्टी सपाट न ठेवता थोडी कलती बसवली तर निम्मं काम होतं. स्प्रिंकलरचं तोंड वळवलं तर आणखी.

लेझरने कापलेल्या कडेवर काळा ऑक्साइडचा थर असतो. तो घासून न काढता रंग दिला तर कडेवरूनच पापुद्रा निघतो. सगळ्या कडा दोन मिलिमीटर गोल कराव्यात. धारेवर रंग टिकत नाही. परवडत असेल तर हॉट-डिप गॅल्व्हनाइझिंग, म्हणजे वितळलेल्या जस्ताच्या हौदात बुडवणं, आयएस ४७५९ या भारतीय मानकाप्रमाणे. जाड पोलादावर साधारण ८५ मायक्रॉनचा थर बसतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाण्याच्या औद्योगिक भागात चौकशी करताना आधी हौदाची लांबी विचारावी आणि कवाड त्यात मावतंय का ते पाहावं. पोकळ पाइप वापरला असेल तर त्याला हवेची भोकं आहेत का, हे दोनदा बघायचं. जस्त ४५० अंशांवर उकळत्या तेलासारखं असतं आणि बंद पाइप त्यात फुटतो. जस्तावर थेट साधा इनॅमल मारला तर तो वर्ष-दोन वर्षांत सालपटासारखा निघतो. मधे जस्तासाठीचा प्रायमर लागतो.

गॅल्व्हनाइझिंग जमत नसेल तर सँडब्लास्ट (वाळूच्या झोताने घासणं), त्याच दिवशी ६० मायक्रॉन झिंक-रिच, म्हणजे जस्त भरलेलं इपॉक्सी, मग १०० मायक्रॉन इपॉक्सी, आणि वर ५० मायक्रॉन पॉलियुरेथेन. वरचा थर वगळू नये. नुसतं इपॉक्सी आपल्या उन्हात खडूसारखं पांढुरकं होतं. रंग गडद राखाडी किंवा काळपट हिरवा. सोनेरी टोकांचा मोह आवरावा.

टांगणी

दोन कवाडांमधली फट १२ मिलिमीटर. जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत लोखंडाच्या तापमानात पन्नास-पंचावन्न अंशांचा फरक पडतो आणि चार मीटरला अडीच मिलिमीटर वाढ होते. बाकीची जागा रंगाच्या थरांसाठी आणि हातच्या चुकांसाठी. टांगताना कवाडाचं मधलं टोक पाच मिलिमीटर वर ठेवायचं, वजनाने ते बसतंच. जमिनीतल्या बोल्टच्या भोकाखाली खडीने भरलेला हातभर खोल खड्डा ठेवायचा, म्हणजे पाणी आणि माती मुरून जाते.

मग वर्षातून दोनदा मोजमाप: एकदा दसऱ्याच्या सुमाराला, माती फुगलेली असताना, आणि एकदा अक्षय्य तृतीयेच्या आसपास, भेगा पडल्यावर. मधली फट वर किती, खाली किती, हे आकडे तारखेसह छोट्या दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवायचे. वरची फट कमी होत चालली असेल तर दोन्ही खांबांना ओळंबा लावायचा. खांब सरळ असतील तर बुश झिजला आहे, वरच्या कड्याचा बोल्ट अर्धा फेरा ओढून घ्या. खांबच आत कलले असतील तर बोल्टला हात लावू नका, आधी टाय बीमजवळ खणून पाहा; खालची पोकळी मातीने भरली आहे का ते बघा.